ठिपक्याला साहित्यमूल्य नसते काय?

एका महाविद्यालयाच्या वार्षिकांकासाठी एका विद्यार्थ्याने दोन गोष्टी दिल्या. पहिली, पौर्णिमेच्या चंद्रबिंबावरून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सरकत असतानाचे छायाचित्र. दुसरी, ते छायाचित्र लालबागच्या एका चाळीच्या गच्चीवरून कसे घेतले याचे तीन पानी टिपण. संपादक मंडळाने छायाचित्र मलपृष्ठासाठी ठेवून घेतले आणि टिपण परत केले. त्यावरचा शेरा असा होता : माहिती चांगली आहे, पण लेखन ललित नाही, चंद्राविषयीची भावना कोठेच दिसत नाही. महाविद्यालय कोणते हे सांगण्याचे कारण नाही, कारण हा शेरा कोणत्याही मराठी विभागात लिहिला गेला असता. आमचे भांडण त्या मंडळाशी नाहीच. शेऱ्यामागे जी समजूत आहे तिच्याशी आहे.

ते टिपण आम्ही वाचले आहे. ज्यांनी असा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडे सांगितले पाहिजे. अंतराळ स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून, सेकंदाला साडेसात किलोमीटरहून अधिक वेगाने पृथ्वीभोवती फिरते. दीड तासात त्याची एक प्रदक्षिणा होते. चंद्रबिंब आपल्याला अर्ध्या अंशाएवढे दिसते. चंद्र माथ्यावर असेल तर ते बिंब ओलांडायला स्थानकाला अर्धा सेकंद लागतो. चंद्र खाली कललेला असेल तर स्थानक आपल्यापासून दूर असते, म्हणून किंचित अधिक. पौर्णिमेच्या मध्यरात्री स्थानक स्वतः पृथ्वीच्या छायेत असते, त्यामुळे ते चमकत नाही. उजळ बिंबावर काळा ठिपका होऊन जाते. खगोल अभ्यासक याला अधिक्रमण म्हणतात. २००४ आणि २०१२ साली शुक्राने सूर्यबिंब ओलांडले तेव्हा हा शब्द वृत्तपत्रांतून पुष्कळांच्या परिचयाचा झाला होता.

खरी मौज जागेची आहे. स्थानक आणि चंद्र एका रेषेत ज्या ठिकाणांहून दिसतात त्यांचा पट्टा जमिनीवर फार अरुंद असतो. चंद्र माथ्यावर असताना त्याची रुंदी साडेतीन किलोमीटरच्या आसपास भरते. गिरगाव आणि दादर यांत सरळ रेषेत सुमारे साडेसात किलोमीटरांचे अंतर आहे. स्थानक वायव्येकडून आग्नेयेकडे जात असेल तर जे गिरगावातून दिसेल ते दादरहून दिसणार नाही, आणि लालबागच्या मुलाला त्या रात्री परळच्या उत्तरेला जायचे की भायखळ्याच्या दक्षिणेला हे आधी ठरवावे लागेल. एकाच शहरावर, एकाच क्षणी, चंद्र मात्र वाडीवाडीला निराळा! 'स्थळकाळाचे भान' हा शब्दप्रयोग आपण कादंबरीवरील प्रत्येक प्रश्नपत्रिकेत वापरतो. त्याचा इतका काटेकोर अर्थ आपल्यापैकी किती जणांच्या मनात असतो?

टिपणात हे सारे होते. वरच्या विरळ हवेच्या घर्षणाने स्थानकाची कक्षा हळूहळू खाली येते आणि ते मधूनमधून पुन्हा वर ढकलले जाते. म्हणून आठवड्यापूर्वीच्या आकडेवारीवर विसंबता येत नाही, त्याच दिवशीची ताजी घ्यावी लागते, हे होते. गच्चीची किल्ली मिळविणे, पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर दुर्बीण स्थिर करणे, खालून जड वाहन गेले की बिंब कसे थरथरते, हे होते. ठरल्या वेळेच्या मिनिटभर आधी चित्रण सुरू केले, डोळ्यांना काहीच दिसले नाही, आणि नंतर खोलीत बसून एकेक चौकट पुढे सरकवताना एकोणीस चौकटींत तो पंखाळ ठिपका सापडला, हेही होते. शेवटी एकच वाक्य होते : त्या ठिपक्यात त्या वेळी माणसे होती. २ नोव्हेंबर २००० पासून ते स्थानक एक दिवसही रिकामे राहिलेले नाही, तेव्हा हे वाक्य अलंकार म्हणून लिहिलेले नाही. ते सरळ विधान आहे.

यात भावना नाही असे ज्यांना वाटले त्यांना भावना म्हणजे विशेषण वाटत असावे.

मराठीत चंद्राचे एक ठरलेले खाते आहे. त्यात प्रेयसीचे मुख, विरह, कोजागरीचे दूध आणि वार्धक्यातील स्मरणे जमा होतात. या खात्यात बसत नाही तो चंद्र 'माहिती' ठरतो. पण या शहराचा चंद्राशी असलेला व्यवहार तरी असा आहे का? संकष्टीच्या संध्याकाळी गिरगावच्या वाड्यांतून आणि परळच्या चाळींतून काय चालते ते आठवून पाहावे. दिनदर्शिकेवर चंद्रोदयाची वेळ मिनिटांत छापलेली असते. उपवास करणारी बाई घड्याळ पाहते, गॅलरीत येते, समोरच्या इमारतीआड चंद्र आहे की ढगाआड याचा अंदाज घेते आणि मगच पान वाढते. भाद्रपदातल्या चतुर्थीला तर हेच लालबाग, गणपतीच्या गर्दीने फुललेले, चंद्र दिसू नये म्हणून मान खाली घालून चालते. गणित करून, वेळ गाठून, चंद्राची वाट पाहणे ही आमच्या घरांतली जुनी रीत आहे. तिला कोणी रूक्ष म्हटलेले नाही. मग वाट पाहणाऱ्याच्या हाती ताटाऐवजी दुर्बीण आली की तिच्यातील भाव नाहीसा कसा होतो?

दुसरा आक्षेप असा येतो की यात निर्मिती ती कोणती. हा तर योगायोग. हा शब्द येथे वापरणाऱ्यांनी निदान पंचांग उघडावे. तिथी, वार, नक्षत्र, योग, करण अशी त्याची पाच अंगे. त्यातला योग हा सूर्य आणि चंद्र यांच्या स्थानांवरून गणिताने काढलेला असतो. आपल्या भाषेतच योग ही मोजायची गोष्ट आहे. फ्रान्सचे हौशी खगोल-छायाचित्रकार तिएरी लगो यांनी १७ सप्टेंबर २००६ रोजी नॉर्मंडीतून सूर्यबिंबासमोर अटलांटिस यान आणि अंतराळ स्थानक एकाच चौकटीत पकडले. यान स्थानकापासून सुटून तासही झाला नव्हता. त्या चित्राला सुदैव म्हणणे म्हणजे वृत्तात चपखल बसलेल्या शब्दाला सुदैव म्हणणे होय. ढग येतील की नाही एवढेच दैवाच्या हाती असते. (२०२५ च्या जून-जुलैत शुभांशु शुक्ला त्या स्थानकावर होते आणि १० जुलैची गुरुपौर्णिमा नेमकी त्यांच्या मुक्कामात पडली. आषाढातल्या मुंबईच्या आकाशाकडून कोणी काही मागू नये, हे निराळे.)

आणि आमची परंपरा तरी काय सांगते? दुर्गा भागवतांचे 'ऋतुचक्र' १९५६ साली आले. कोणत्या महिन्यात कोणते झाड कसे दिसते हे त्यात इतके नेमके आहे की त्या नेमकेपणातूनच त्याचे लालित्य निघते. त्याला वनस्पतिशास्त्राचे टिपण म्हणून कोणी परत केले नाही. मर्ढेकरांच्या 'सौंदर्य आणि साहित्य'मधील संवाद, विरोध आणि समतोल ही लयतत्त्वे आम्ही दरवर्षी शिकवितो, आणि उदाहरणांसाठी त्याच चार कविता उलटसुलट करतो. पांढऱ्या बिंबावर समान अंतरांनी उमटलेले एकोणीस काळे ठिपके समोर ठेवले तर मर्ढेकर अधिक लवकर कळतील, असे आमचे मत आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास १८९६ साली मराठीत लिहिला, एम.ए.च्या दोन वर्षांत मराठी गद्याचा नमुना म्हणून त्याचे एक पानही आमच्यासमोर आले नव्हते. जयंत नारळीकरांची 'कृष्णविवर' ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत उतरली ती १९७४ साली, तीही टोपणनावाने. २०२१ मध्ये नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. मधल्या सत्तेचाळीस वर्षांत त्यांच्या लेखनाला वाचक भरपूर लाभले. समीक्षेने मात्र त्यांना विज्ञानकथेच्या वेगळ्या पंगतीत बसविले, आणि त्या पंगतीला वाढायला मुख्य पंगतीतले कोणी गेले नाही.

आता हौशी मंडळींबद्दलही थोडे बोलले पाहिजे. मुंबईत वरळीचे नेहरू तारांगण १९७७ पासून आहे, खगोल मंडळ १९८५ पासून काम करते, पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था तर १९४४ ची. या मंडळींनी शहरी माणसाला रात्र-रात्र वांगणीसारख्या अंधाऱ्या जागी नेऊन आकाश दाखविले, हे फार मोठे काम आहे. पण त्यांच्यातील कोणी चित्राखाली ओळ लिहायला बसला की हमखास 'नयनरम्य', 'विलोभनीय' आणि 'अविस्मरणीय' येतात. कॅमेऱ्याच्या शटरचा काळ एक हजारांश सेकंद ठेवायचा की दोन हजारांश, यावर तासभर वाद घालणारा माणूस शब्द निवडताना मिळेल तो उचलतो. हा दोष त्याचा नाही. शाळेपासून निबंधाला गुण याच शब्दांसाठी मिळाले. लिहिणे म्हणजे हेच, असे मराठीच्याच वर्गात त्याने ऐकले. लालबागच्या त्या मुलाने हा उसना माल वापरायचे नाकारले आणि आमच्या शास्त्राने त्याला त्याबद्दलच नापास केले.

खरेखोट्याचा प्रश्न याहून गंभीर आहे, आणि तो सोडविण्याची साधने नेमकी आपल्या विद्याशाखेकडे आहेत. पूर्ण चंद्राच्या चौथ्या हिश्श्याएवढे स्थानक दाखविणारी चित्रे भ्रमणध्वनींवरून फिरत असतात. ती खोटी आहेत. १०९ मीटर लांबीचे स्थानक ४०० किलोमीटरांवरून चंद्रव्यासाच्या फार तर तिसाव्या भागाएवढे भरते, म्हणजे कोपर्निकस या ९३ किलोमीटर व्यासाच्या विवराहून थोडेसे मोठे. याहून मोठे दिसले तर कोणी तरी ते वरून चिकटविले आहे, असे समजावे. पाठचिकित्सेत याला प्रक्षेप म्हणतात. पण मुलाने दिलेले चित्रही एका चौकटीचे नव्हते : पुष्कळ चौकटी एकत्र करून चंद्राचे बिंब स्पष्ट केलेले, आणि त्यावर एकोणीस चौकटींतले स्थानक आपापल्या जागी बसविलेले. तेही खोटे का? एकनाथांनी शके १५०६ मध्ये अनेक प्रती ताडून ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. ती खोटी ठरत नाही, कारण त्यांनी काय केले ते सांगितले आणि पुढे कोणी नवी ओवी घालू नये अशी ताकीदही देऊन ठेवली. फरक सांगण्यात आहे. त्या मुलाच्या टिपणाच्या दुसऱ्या पानावर किती चौकटी घेतल्या, कोणत्या टाकल्या, चंद्र कोणत्या चौकटींतून घडविला, हे सगळे लिहिलेले होते. संपादक मंडळाने ते पान परत करून चित्र ठेवून घेतले, म्हणजे प्रत ठेवली आणि संपादकाची प्रस्तावना फाडून टाकली. मलपृष्ठावर ते चित्र आता नुसते सुंदर दिसेल. चिकटविलेल्या चित्रांहून ते वेगळे आहे हे वाचकाने कशावरून ओळखावे?

एक हळवा आक्षेपही आम्ही ऐकला आहे : यंत्रांनी चंद्र विटाळला. १९६९ पासून तो ऐकू येतो, २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ उतरले त्या संध्याकाळी पेढे वाटणाऱ्यांच्या तोंडूनही दुसऱ्या दिवशी ऐकू आला. यावर वेळ घालवावा असे वाटत नाही. ज्या शहरात गिरण्यांच्या धुराड्यांआडून तीन पिढ्यांनी चंद्र पाहिला, तेथे यंत्राच्या पार्श्वभूमीवरचा चंद्र नवा नाही. आता फक्त यंत्र पुढे आले आहे.

लालबाग-परळच्या आकाशात तारे जवळपास उरलेले नाहीत, पण चंद्राला शहराचा उजेड आड येत नाही. म्हणून हे अधिक्रमण हौशी माणसाला वांगणीला न जाता घरच्या गच्चीवरून मिळते. तेही किती दिवस, हा प्रश्न आहे. गिरण्यांच्या जमिनींवर उभ्या राहिलेल्या मनोऱ्यांनी पूर्वेचे आणि पश्चिमेचे बरेच आकाश घेतले आहे. जुन्या चाळी पुनर्विकासात जात आहेत आणि नव्या इमारतींच्या गच्च्यांना कुलूप असते, किल्ली सेक्रेटरीकडे. स्थानकही २०३० नंतर फार काळ ठेवायचे नाही, कक्षेतून खाली आणून ते समुद्रात पाडायचे, असे ठरत आले आहे. पुढच्या वर्षीच्या ललित गद्याच्या पाठांत तीन पाने रिकामी आहेत असे आम्हांला कळते. अभ्यासमंडळाची बैठक अजून व्हायची आहे.