हा नुसता शोर नाही

मुलाने ‘नेपाम डेथ’चा ‘स्कम’ लावला तेव्हा मीही ओरडलो, ‘बंद कर हा शोर!’ १९८७चा ब्रिटिश अल्बम. २८ गाणी, तेहतीसेक मिनिटं. एक गाणं तर दीड सेकंदाचंही नाही. मग शब्द समोर ठेवून ऐकला. तिसऱ्या खेपेला ड्रम आणि गिटार वेगळे कळू लागले. किंकाळीमागे बहुराष्ट्रीय कंपन्यांवरचा संताप होता. तो गोड चालीत का सांगावा?

संगीतच हराम मानणाऱ्यांशी माझा वाद वेगळा. पण कव्वालीवर डोलणारे आपण याला न ऐकताच ‘सैतानी’ म्हणतो. एक अक्षर न वाचता उर्दूला परकी ठरवणाऱ्यांवर मात्र चिडतो. हा कुठला इन्साफ? आवडू नये, चालेल. आधी ऐका तरी!