काँग्रेस गवतच म्हणा

सरकारी पत्रकात त्याला 'गाजर गवत' म्हणतात, पान गाजरासारखं म्हणून. मुळात ते गवतच नाही, सूर्यफुलाच्या कुळातलं रोपटं आहे. पण लोकांनी नाव पाडलं काँग्रेस गवत. मी तेच म्हणणार.

नावाची कारणं दोन सांगतात. एक, बारीक पांढरी फुलं माळभर फुलली की पांढऱ्या टोप्यांची सभा भरल्यासारखी दिसते. दुसरं, काँग्रेसच्या राजवटीत पीएल-४८० चा अमेरिकन गहू आला, त्यातून बी आलं. माझा आजा गोदीत होता. त्यानं तो गहू पाठीवर वाहिला, अन् त्याच गव्हासाठी आजी रेशनच्या रांगेत उभी राहिली. आमच्या घरात दुसरंच कारण चालतं, हे सांगायला नको.

विद्वान म्हणतात, गव्हावर आळ घेऊ नका. पुण्यात हे झाड १९५५ ला दिसलं, करार १९५६ चा. रॉक्सबर्गच्या १८१४ च्या यादीतही ते आहे. कबूल. (१९५१ लाही उधारीचा अमेरिकन गहू आला होता, तेवढं लक्षात ठेवा.) पण बी कधी आलं हा एक सवाल, नाव कुणी ठेवलं हा दुसरा. बी निर्दोष सुटलं म्हणून रांगेतल्या माणसाचा राग खोटा ठरतो काय?

शास्त्रातलं नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस. लिनियसनं १७५३ ला ठेवलं. ग्रीकमधे पार्थेनोस म्हणजे कुमारी, हिस्टेरा म्हणजे गर्भाशय. बाईच्या अंगाशिवाय यांना नाव सुचत नाही! आणि उपटतं कोण? रोजावरची बाई, उघड्या हातानं. खाज, पुरळ, दम्याची धाप.

आता भांडण आपल्याच कवींशी. दोस्तांनो, 'उपटलं तरी उगवतं' म्हणून तुम्ही या गवताला आपलं प्रतीक करताय. मीही तशी कविता लिहिली होती. मावशीला वाचून दाखवली. ती खुरपणीला जाते. ती काही बोलली नाही, नुसते हात पुढं केले. कोपरापर्यंत काळे पडलेले, सालपटं निघालेली. हे झाड शेजारच्या पिकाला वाढू देत नाही, गुरं त्याला तोंड लावत नाहीत. ते आपण कसे? मी तिच्यासमोरच कागद फाडला.

मावशी म्हणाली, "फाडलास ते ऱ्हाऊ दे. तुझ्या गोदीत हातमोजे मिळत्यात का?"