डिपॉझिटचं पाणी कुठं मुरतं?

युसूफ वडगावात बदलीवर आलेला माणूस खोली सोडताना भांडण ठरलेलंच. परवा एका ओळखीच्याचे पाच हजार रंगाच्या नावाखाली कापले. अहो मालक, गच्ची तुमची गळते, पोपड्यांचा खर्च भाडेकरूनं का द्यायचा? बेसिन फोडलं असेल तर जरूर घ्या पैसे, हक्कच आहे तुमचा. पण कराराचा कागद कुठाय? 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यातलं कलम 55 लेखी, नोंदणीकृत कराराची जबाबदारी घरमालकावर टाकतं. कागदच नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य, उलट सिद्ध होईपर्यंत. आमच्या माणसाला हे कळलं तेव्हा सामान टेम्पोत चढलेलं होतं. नव्यानं येणाऱ्यांनी आधी भिंतींचे, नळांचे फोटो काढून मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवावेत, मगच सामान आत न्यावं.