जिओट्यूब, कबरस्तान आणि शेजारची वाडी

गेल्या पावसाळ्यात आमच्या गावच्या कबरस्तानाची समुद्राकडची भिंत पडली. गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं, खाडीच्या मुखाशी वसलेलं. माझ्या लहानपणी त्या भिंतीपलीकडे सुरूच्या झाडांची रांग होती आणि तिच्यापुढे क्रिकेट खेळता येईल एवढी पुळण. आता सुरू गेले, पुळण फक्त ओहोटीला दिसते. भिंत पडल्यावर सर्वांत जुन्या कबरी आणि भरतीचं पाणी यांच्यात चौदा पावलं उरली. मी स्वतः मोजली. त्या रांगेत माझ्या दादीच्या वडलांची कबर आहे असं घरात सांगतात. दगडावर नाव नाही.

जुम्म्याच्या नमाजनंतर जमातीची बैठक झाली. कुवेत-दुबईतल्या मंडळींनी चंद्याचे आकडे व्हॉट्सअॅपवर आधीच टाकले होते. पैशाची अडचण नव्हती, काय बांधायचं एवढाच प्रश्न होता. एका चाचांनी मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. मैदानात पडलेली एक प्रचंड काळी पिशवी, अजगरासारखी फुगलेली, आणि तिच्या अंगातून सगळीकडून पाणी पाझरतंय.

"याला जिओट्यूब म्हणतात. दगडाच्या बंधाऱ्यापेक्षा स्वस्त. खाडीतला चिखल फुकट आहे, पंप लावायचा आणि भरायचा. तू इंजिनीअर ना? बघ जरा."

मी सॉफ्टवेअरवाला. समुद्राशी माझा संबंध सुट्टीपुरता. पण गावात इंजिनीअर म्हणजे इंजिनीअर, त्याला पंखाही दुरुस्त करता आला पाहिजे. मग दोन महिने वाचलं, कॉलेजातल्या सिव्हिलच्या एका मित्राला छळलं. हा लेख त्यातून आला आहे. किनाऱ्यावरच्या बऱ्याच मोहल्ल्यांत आणि वाड्यांत आज अशीच बैठक चालू असेल, असा माझा अंदाज आहे.

पहिली गोष्ट कळली ती ही की चाचांचा व्हिडिओ समुद्राचा नव्हताच. तो गाळ सुकवण्याचा होता.

सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातून निघणारा गाळ नावाला गाळ असतो, त्यात पंच्याण्णव टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. ते वाहून न्यायला ट्रकही परवडत नाही. म्हणून गाळात आधी एक पॉलिमर मिसळतात. त्यामुळे बारीक कण एकमेकांना चिकटून त्यांचे गोळे होतात. मग तो गाळ विणलेल्या कापडाच्या नळीत पंपाने भरतात. पाणी कापडातून बाहेर येतं, गोळे आत अडकतात. नळी बसली की पुन्हा भरायची, पुन्हा बसू द्यायची. काही आठवडे-महिन्यांनी कापड फाडून आतला सुका माल उचलायचा. म्हणजे इथे नळी फाडण्यासाठीच असते.

ही पद्धत छोटी नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात ओनोंडागा नावाचं सरोवर आहे. रासायनिक कारखान्यांनी अनेक दशकं त्यात पारा आणि इतर विषं सोडली. २०१२ ते २०१४ या काळात त्याच्या तळातून सुमारे १७ लाख घनमीटर गाळ उपसला गेला, काही मैल लांबीच्या पाइपमधून दूर नेला आणि अशाच नळ्यांमध्ये भरला. निथळलेलं पाणी शुद्ध केल्याशिवाय परत सोडलं नाही. तरीही जवळच्या रहिवाशांनी दुर्गंधीच्या तक्रारी केल्याच. कापड विष गिळत नाही, ते फक्त पाणी वेगळं करतं. पाण्याचं काय करायचं आणि नळीत उरलेल्याचं काय करायचं, हे माणसांनाच ठरवावं लागतं. आपल्याकडे मासेमारी बंदरातला गाळ उपसायची चर्चा दर दोन वर्षांनी होते. त्या चर्चेत हा दुसरा प्रश्न मी कधी ऐकलेला नाही.

किनाऱ्यावरच्या नळीचं काम याच्या उलट आहे. तिथे आतला माल कायमचा राहायला हवा. कापड पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरचं, जाड विणीचं. वाळू आणि पाणी यांचं मिश्रण वरच्या तोंडातून पंपाने सोडतात, पाणी निघून जातं, वाळू दाबून बसते. भरल्यावर नळी गोल राहत नाही, उशीसारखी चपटी होते. अशा नळ्या एकमेकींवर रचून बांध तयार होतो. दगडाची खाण लागत नाही, डंपरच्या फेऱ्या वाचतात, हे खरं आहे.

पण यात वाळूच हवी. खाडीचा फुकटचा चिखल भरला तर तो महिनोन्महिने पाणी सोडत राहतो, आक्रसतो आणि नळी खाली बसते. आज सहा फूट दिसणारा बांध पुढच्या पावसाळ्याआधीच बुटका होतो. कापडाची वीण वाळूच्या कणांशी जुळली नाही तर माल झिरपून जातो तो वेगळाच. मग वाळू कुठून आणायची? समोरच्या पुळणीतून घेतली तर जे वाचवायचं तेच खणल्यासारखं होतं. आणि खाडीतला सक्शन पंपाचा उपसा काय करतो हे कोकणात कुणाला सांगायला नको. नदीची वाळू किनाऱ्यापर्यंत पोचतच नाही, म्हणून तर किनारा उपाशी आहे.

चाचांना मी हे सांगितलं तेव्हा ते थोडे नाराज झाले. म्हणाले, "म्हणजे होत नाही का?" होतं. कसं होतं आणि कसं फसतं, याची दोन्ही उदाहरणं आपल्या देशातच आहेत.

ओडिशात केंद्रपाडा जिल्ह्यात पेंठा नावाचं गाव आहे. खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेल्या मातीच्या बांधापर्यंत समुद्र येऊन ठेपला होता. तिथे आयआयटी मद्रासच्या आराखड्यानुसार, जागतिक बँकेच्या मदतीच्या प्रकल्पातून, ५०५ मीटर लांबीची जिओट्यूबची भिंत उभी राहिली. २०१६ मध्ये ती पुरी झाली, खर्च सुमारे ३३ कोटी रुपये. उघड्या नळ्या किनाऱ्यावर टाकून काम संपवलं, असं तिथे झालं नाही. नळ्यांवर दोरखंडाच्या जाळ्यांत बांधलेल्या दगडांचं कवच चढवलं. कारण ऊन हा या कापडाचा पहिला शत्रू आहे. सूर्यप्रकाशात प्लास्टिक ठिसूळ होतं, छतावरच्या निळ्या ताडपत्रीचं दोन उन्हाळ्यांत काय होतं ते आठवा. दुसरा शत्रू टोकदार काहीही: होडीचा नांगर, वाहून आलेला ओंडका, सुरी. आणि तिसरा दिसत नाही. लाट भिंतीवर आपटून परतताना पायथ्याची वाळू ओढून नेते. पायथा पोकळ झाला की वरची अख्खी नळी पुढे घरंगळते.

आंध्रात काकीनाड्याजवळ उप्पाडा इथे पेंठाच्याही आधी, २०१० च्या सुमारास, जिओट्यूबची भिंत घातली होती. काही वर्षांत वादळांनी आणि उधाणांनी तिची वाताहत केली. किनाऱ्यालगतचा रस्ता आजही दर मोठ्या वादळात उखडतो.

आकड्यांकडे पुन्हा बघा. ५०५ मीटरला ३३ कोटी, म्हणजे मीटरमागे साधारण साडेसहा लाख. आमच्या कबरस्तानाची समुद्राकडची बाजू साठ मीटर आहे. चंद्यातून जमणारी रक्कम आणि हा आकडा शेजारी शेजारी लिहिले तेव्हा बैठकीत कुणी काही बोललं नाही. आमच्याकडची लाट वेगळी, तळ वेगळा, कदाचित स्वस्तात होईल. पण व्हिडिओतल्या "स्वस्त" या शब्दाचा अर्थ "दगडापेक्षा स्वस्त" एवढाच असतो.

तरीही खरी गोष्ट पैशाची नव्हती. ती मला पेंठाच्या नकाशानेच दाखवली. भिंत ५०५ मीटरला संपते, समुद्र तिथे संपत नाही. त्याच जिल्ह्यातल्या सातभाया या गावसमूहातली बहुतेक गावं समुद्राने गिळली आणि उरलेल्या कुटुंबांना सरकारने बागपतियाला नेऊन वसवलं. किनारा वाचवायला निघाल्यावर कुठला तुकडा वाचवायचा आणि कुठला सोडायचा हे कुणीतरी ठरवतंच. कुणी मुद्दाम ठरवलं नाही तरी भिंतीची लांबी ते ठरवते.

वाळू किनाऱ्याने चालते. लाटा तिरक्या येतात आणि वाळू एका बाजूला सरकवत नेतात. पुढच्या वाडीची पुळण मागच्या गावाच्या वाळूवर जगते. मध्ये कुणी भिंत घातली की भिंतीमागची वाळू बंदिस्त होते, पुढे जात नाही. शिवाय भिंतीच्या टोकाशी लाट वळते आणि तिथेच जास्त खाते. दगड असो, टेट्रापॉड असो, जिओट्यूब असो, हा हिशेब बदलत नाही.

आमच्या कबरस्तानाला लागून दक्षिणेला खारव्यांची वाडी आहे. अकरा घरं, एक देवस्की, होड्या ओढायची जागा. आम्ही साठ मीटरची भिंत बांधली असती तर तिचं टोक बरोबर पहिल्या घराच्या पडवीसमोर आलं असतं.

हे मी बैठकीत बोललो तेव्हा एकजण म्हणाला, "त्यांनी त्यांची भिंत बांधावी." आवाजात दुष्टपणा नव्हता, कंटाळा होता. त्याच्या वडलांची कबर दुसऱ्या रांगेत आहे. मी त्याला काय उत्तर देणार? पण आपल्या जमातीच्या पैशाने, आपल्या जमातीच्या जागेपुरती, परवानगीशिवाय रातोरात घातलेली भिंत उद्या शेजाऱ्याची पडवी नेते, तेव्हा ती "पाण्याने नेली" असं कोणीही म्हणणार नाही. ती "त्यांनी नेली" असंच म्हटलं जाईल. आजच्या हवेत त्या वाक्याचं पुढे काय होतं हे या मासिकाच्या वाचकांना मी सांगायला नको. आणि हवा चांगली असती तरी पडवी गेलीच असती.

आम्ही तिघं दुसऱ्या दिवशी वाडीत गेलो. होडी रंगवत बसलेल्या एका काकांनी सगळं ऐकून घेतलं. जिओट्यूबबद्दल त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. म्हणाले, "जेटी झाली तेव्हापासून वाळू इकडे येत नाही. तुमची भिंत पण म्हणूनच पडली. आम्ही तेव्हाच बोललो होतो, कोणी ऐकलं?" दोन महिन्यांच्या माझ्या वाचनात जेटी एकदाही आली नव्हती.

सध्या झालंय ते एवढंच. जमात आणि वाडी, दोघांच्या सह्यांचा एक अर्ज ग्रामसभेतून गेला. मागणी भिंतीची नाही. जेटीपासून वाडीच्या टोकापर्यंतच्या अख्ख्या किनाऱ्याचा अभ्यास करा आणि मग काय ते बांधा, अशी आहे. पत्तन विभागाला प्रत दिली आहे. सीआरझेडमध्ये कुठलंही धूपप्रतिबंधक काम परवानगीशिवाय करता येत नाही, म्हणून एरवी डोकेदुखी वाटणारा हा नियम इथे आमच्या बाजूचा निघाला. माहिती अधिकारात आम्ही जेटीच्या वेळचा पर्यावरण अहवाल मागितला आहे. पुढे जिओट्यूबचंच काम निघालं तर निविदेत काय पाहायचं याचीही नोंद करून ठेवली आहे: वाळू कुठून येणार, उन्हापासून कवच कशाचं, पायथ्याला काय, टोकाशी काय, आणि फाटलेली नळी पाचव्या वर्षी कोण शिवणार. या शेवटच्या ओळीवर अधिकारी हसले. मी हसलो नाही. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही देखभालीचा करार केल्याशिवाय साधं बिलिंगचं पॅकेजही विकत नाही.

चंद्याचे पैसे परत केलेले नाहीत. काही लोक यावरून नाराज आहेत आणि त्यांना तसा हक्क आहे. समुद्र आणखी पुढे आला तर पहिल्या रांगेचं काय करायचं, याबद्दल मौलाना आणि वयस्कर मंडळींशी बोलणं चालू आहे. ते बोलणं इथे लिहायचं नाही असं ठरलंय.

राष्ट्रीय किनारा संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळातला देशाचा किनारा तपासला, तेव्हा सुमारे एक तृतीयांश लांबी धुपताना आढळली, महाराष्ट्रात साधारण पाव. उपग्रहाच्या त्या नकाशावर आमचं कबरस्तान एका ठिपक्याएवढंही नाही. म्हणून वाडीतल्या दोन मुलांनी आणि आमच्या मोहल्ल्यातल्या दोन मुलींनी जेटीपासून वाडीच्या टोकापर्यंत बांबूच्या बारा खुंट्या ठोकल्या आहेत. दर अमावास्येला आणि पौर्णिमेला खुंटीपासून भरतीच्या रेषेपर्यंतचं अंतर टेपने मोजायचं, मोबाइलवर फोटो काढायचा आणि शीटमध्ये भरायचं. शीट मी बनवली आहे, माझ्या शिक्षणाचा या सगळ्यात एवढाच थेट उपयोग झाला. तुमच्या गावात अशी मोजणी सुरू करायची असेल तर कळवा, तीच शीट पाठवतो.

चौथ्या मोजणीत सातव्या क्रमांकाची खुंटी सापडली नाही. ती वाडीतल्या पहिल्या घरासमोरची होती. नवी खुंटी दीड मीटर मागे ठोकली आहे.