मोजमाप कशाचे आणि कोणासाठी?

राष्ट्राचे उत्पन्न किती वाढले याचा हिशेब सरकार दर तिमाहीला मांडते. राष्ट्राची तरुण पिढी कितपत वाढली, हे मोजण्याची निकड मात्र त्याला क्वचितच भासते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे (२०१९-२१) आकडे म्हणूनच गांभीर्याने वाचले पाहिजेत. १५ ते १९ वर्षे वयाच्या मुलींपैकी ५९.१ टक्के मुलींना रक्तक्षय असल्याचे तीत आढळले. २०१५-१६ च्या पाहणीत हेच प्रमाण ५४.१ टक्के होते. त्याच वयाच्या मुलांमध्ये ते २९.२ वरून ३१.१ टक्क्यांवर गेले.

यावर सरकारी उत्तर दुहेरी आहे. एक, लोहाची गोळी. दुसरे, मोजपट्टीविषयीच शंका. बोटाला टोचून काढलेल्या रक्तावरून रक्तक्षयाचे प्रमाण अचूक कळत नाही, असे सांगून सहाव्या पाहणीतून ही चाचणी वगळण्यात आली. हा शास्त्रीय आक्षेप निराधार नाही. परंतु आधीच्या दोन्ही पाहण्यांत रक्त बोटातूनच घेतले होते; तेव्हा त्यांतील वाढ केवळ पद्धतीच्या माथी मारता येत नाही. जुनी मोजपट्टी टाकायची, तर नव्या मोजमापाचे आकडे जुन्यांशी ताडून पाहण्याची सोय आधी हवी. ज्या दुखण्याची नोंदच नाही, त्याचा जाब कोण विचारणार?

खरा प्रश्न याहून मूलगामी आहे. केंद्राच्या योजनेतील शालेय भोजन आठवीपर्यंत, शिक्षणहक्काचा कायदा चौदाव्या वर्षापर्यंत. शरीर झपाट्याने वाढते, मुलींची पाळी सुरू होते, नेमके त्याच सुमारास पुढचे ताट उचलले जाते; आणि गरिबाघरच्या अनेकांच्या हाती कोयता येतो. बीडच्या ऊसतोड मजुराची मुलगी हंगामभर फडावर असेल, तर गावात घरोघर फिरणाऱ्या पाहणीत ती सापडणार कशी? आणि सापडलीच, तरी तिचे रक्त तपासून भागत नाही. ती किती तास राबते, किती झोपते, शाळा का सुटली, लग्न कोणाच्या मर्जीने ठरले, हे सारे एकत्र पाहिल्यावाचून तिचे आरोग्य कळणार नाही. रक्तक्षय केवळ रक्तातला नसतो. तो मजुरीच्या दरातही असतो.

म्हणून मागणी दुहेरीच हवी. भोजन बारावीपर्यंत मिळावे आणि किशोरवयीनांच्या आरोग्याचे आकडे दरवर्षी ग्रामसभेत वाचले जावेत. कार्यकर्त्यांनी हा विषय तज्ज्ञांवर सोपवून स्वस्थ बसू नये. मोजमाप लोकांच्या हाती आले, तरच ते सत्तेला जाब विचारू शकते. एरवी ते दप्तरातले कागद ठरते.