नोंद खोलीची घ्या, नावाची चाळणी नको

गेल्या हिवाळ्यात आम्ही तीन कुटुंबांनी महाबळेश्वरला दोन रात्री राहायचे ठरवले. एका ॲपवर बंगला पसंत केला, मालकाचा होकार आला. मग त्यांनी आधार कार्डे मागितली. ती पाठवल्यावर थोड्याच वेळात निरोप आला, ‘सॉरी, घरचा कार्यक्रम निघालाय.’ रात्री त्याच तारखांना तोच बंगला ॲपवर रिकामा दिसत होता. माझ्या मुलीने तो पाहिला आणि काही न बोलता फोन माझ्या हातात दिला.

नकाराचे कारण मालकाने सांगितले नाही, त्यामुळे मी ते सिद्ध करू शकत नाही. खरी अडचण हीच आहे.

घटनेचे कलम 15(2) सांगते की दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले इथे धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कुणालाही अडवता येणार नाही. हे बंधन खासगी मालकावरही आहे. पण दिवसाच्या भाड्याने दिला जाणारा बंगला हॉटेल की घर? पैसे घेताना तो हॉटेल असतो, नियम दाखवला की घर होतो.

म्हणून माझी मागणी साधी आहे : पर्यटकांना भाड्याने जाणाऱ्या प्रत्येक घराची सरकारदरबारी नोंद व्हावी आणि नोंदणी क्रमांकाशिवाय ॲपवर जाहिरात दिसू नये. नोंद झाली की ते दार सर्वांसाठी उघडे आहे, हे कागदावर येते. आग, सांडपाणी, कर यांची जबाबदारीही ठरते. यात नवीन काही नाही. ब्रिटिशांनी 1867 साली सराई कायदा केला, तेव्हाही प्रवाशांना उतरवणाऱ्याने जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे नोंद करायची होती. गोव्यात पर्यटन व्यवसायाच्या नोंदणीचा कायदा 1982 पासून आहे.

‘नोंदणी आली की हप्ते आले, लहान माणूस मरेल,’ असे काही जण म्हणतील. ही भीती खोटी नाही. दोन खोल्या देऊन घर चालवणारी कुटुंबे आपल्यातही आहेत. त्यांच्यासाठी अर्ज एका पानाचा आणि शुल्क नाममात्र हवे. आमच्या मलकापुरात चोवीस तास पाणी आले ते मीटर बसल्यावर. मीटरलाही आधी विरोध होतोच, पण मोजमाप असले की कुणी किती घेतले हे दिसते आणि वाटणीत न्याय करता येतो.

ॲपवाल्यांचीही जबाबदारी आहे. अमेरिकेत संशोधकांनी एअरबीएनबीवर एकसारखे अर्ज पाठवले. कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावांना होकार मिळण्याचे प्रमाण सुमारे 16 टक्क्यांनी कमी निघाले. टीका वाढल्यावर कंपनीने 2016 मध्ये भेदभावविरोधी धोरण आणले आणि 2018 मध्ये बुकिंग पक्के होईपर्यंत पाहुण्याचा फोटो मालकाला न दाखवण्याचे ठरवले. मग इथेही बुकिंग पक्के होईपर्यंत नाव झाकता येईल. ओळखपत्र जरूर तपासा, पण बुकिंग पक्के झाल्यावर. त्यानंतर कुणी नकार दिला, तर त्याचे कारण लेखी नोंदवले जावे.

आता थोडे आपल्याबद्दल. आपल्यातलेही काही घरमालक एकट्या मुलीला खोली देत नाहीत, कुणाची जात विचारतात, कुणाचा फिरका विचारतात. कुरआनात जकातीच्या हकदारांमध्ये ‘इब्नुस्सबील’, म्हणजे वाटसरू, आहे. आपल्या मुसाफिरखान्यांमागे हीच भावना होती. नियम मागायचा तर तो आपल्या दारालाही लागू झाला पाहिजे.

तुम्हाला असा नकार मिळाला, तर चिडून ॲप काढून टाकू नका. निरोपाचे आणि रिकाम्या तारखांचे स्क्रीनशॉट ठेवा, ॲपकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा. त्या रात्री मी तसे केले नाही. मुलीने पुढे केलेला फोन मी नुसताच खिशात टाकला, याची मला आजही लाज वाटते.