अठ्ठावन्नाव्या वर्षानंतरचा कामगार

आपल्या बैठकांच्या कार्यपत्रिकेवर पगारवाढ असते, बोनस असतो, कंत्राटी पद्धत असते. कामगार निवृत्त झाला की मात्र कारखान्याच्या फाटकाबरोबर या कार्यपत्रिकेतूनही तो बाहेर पडतो. शाल-श्रीफळ दिले जाते, दोन भाषणे होतात, ‘आता निवांत नातवंडांत रमा’ असा आशीर्वादवजा सल्ला मिळतो आणि विषय संपतो. निवांतपणाला पैसे लागतात, याचा विचार त्या समारंभात कोणी करीत नाही.

कुरुंदवाडसारख्या गावात हा प्रश्न उघड्या डोळ्यांनी पाहता येतो. पटवर्धनांच्या संस्थानाची ही जुनी राजधानी कृष्णा-पंचगंगेच्या संगमालगत वसलेली आहे. येथील माणसांनी आयुष्य काढले ते शिरोळ तालुक्यातल्या साखर कारखानदारीत, सूतगिरण्यांत, एस.टी.त, इचलकरंजीच्या मागांवर, नाहीतर दुसऱ्याच्या उसात. सकाळी घाटावर एकत्र बसणाऱ्या वृद्धांत निवृत्त शिक्षक असतो, कंडक्टर असतो आणि मागवालाही असतो. तिघांचे वय सारखे, गुडघेदुखी सारखी. महिन्याच्या उत्पन्नात मात्र जमीन-अस्मानाचे अंतर. शिक्षकाच्या निवृत्तिवेतनाला महागाई भत्ता जोडलेला असतो, कंडक्टरच्या नसतो, आणि मागवाल्याला बहुधा निवृत्तिवेतनच नसते.

कंडक्टर आणि साखर कामगार ज्या योजनेत मोडतात ती कर्मचारी निवृत्तिवेतन योजना 16 नोव्हेंबर 1995 पासून लागू झाली. मालकाच्या वर्गणीतले 8.33 टक्के आणि केंद्र सरकारचे 1.16 टक्के तिच्यात जातात. परंतु ही टक्केवारी खऱ्या पगारावर नव्हे, ठरवून दिलेल्या मर्यादेवर मोजली जाते. ती मर्यादा 2001 पासून 6,500 रुपये होती, सप्टेंबर 2014 मध्ये 15,000 झाली. हिशोब सोपा आहे: निवृत्तिवेतनास पात्र पगार गुणिले सेवेची वर्षे, भागिले 70. योजना सुरू झाल्यापासून 2014 च्या ऑगस्टअखेरपर्यंत इमानाने राबून निवृत्त झालेल्या माणसाची सेवा 19 वर्षे धरली जाते. 6,500 ला 19 ने गुणून 70 ने भागा. उत्तर येते 1,764 रुपये! 1995 पूर्वीच्या सेवेची किरकोळ भर तेवढी वेगळी. महागाई कितीही वाढो, हा आकडा आयुष्यभर तोच.

सप्टेंबर 2014 मध्ये किमान निवृत्तिवेतन 1,000 रुपये करण्यात आले आणि पुढची दहा वर्षे ते जागचे हलले नाही. त्याआधीच, 2013 साली, राज्यसभेच्या भगतसिंह कोश्यारी समितीने ते 3,000 असावे अशी शिफारस केली होती. बुलढाण्यात निवृत्तांनी 24 डिसेंबर 2018 पासून साखळी उपोषण आरंभिले. त्यांची मागणी 7,500 रुपये अधिक महागाई भत्ता अशी. ही मागणी अवास्तव आहे असे म्हणणाऱ्यांनी वरचेच सूत्र पुन्हा वापरून पाहावे. 15,000 च्या मर्यादेवर 35 वर्षे सेवा झाली तरी हाती 7,500 च येतात, आणि दोन वर्षांची वाढीव सवलत धरूनही आठ हजारांचा उंबरा ओलांडता येत नाही. याच राज्याने 2016 साली माजी आमदाराला, एकच कार्यकाळ झालेला असला तरी, दरमहा 50,000 ठरविले. तिजोरी रिकामी असल्याचा युक्तिवाद त्या दिवशी कोणाच्या ओठांवर आला नव्हता.

तरीही योजनेत असलेला कामगार भाग्यवानच म्हणायचा. इचलकरंजीच्या मागांवर तुकड्याच्या दराने काम केलेल्याचे नाव अनेकदा कोणत्याच रजिस्टरात नसते. शेतमजूर बाईची तर निवृत्तीची तारीखच ठरलेली नाही. कंबर साथ देईल तोवर खुरपे हातातच. तिच्यासाठी राज्याची श्रावणबाळ योजना आहे. वयाची 65 वर्षे पूर्ण हवीत, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21,000 च्या आत हवे. जुलै 2023 पासून महिना 1,500 रुपये मिळू लागले. 21,000 वर्षाला, म्हणजे महिन्याला 1,750. इतक्यात एका कुटुंबाचे भागते असे ज्याने ठरविले त्याने बाजारहाट कधी केला असेल असे वाटत नाही. दाखला मिळविण्यासाठी म्हातारीला खोटे बोलायला लावणारी ही अट आहे, आणि खोटे बोलायची लाज वाटली तर ती उपाशी राहते. यात केंद्राच्या वृद्धापकाळ योजनेचा वाटा 80 वर्षांच्या आतल्या वृद्धामागे 200 रुपये असा 2007 पासून चालत आला आहे.

कायम मालक नसलेल्यालाही म्हातारपणाची तरतूद करून देता येते, हे महाराष्ट्राने एकदा सिद्ध केले आहे. 1969 च्या माथाडी कायद्याने मंडळामार्फत लेव्ही घेऊन हमालाला भविष्य निर्वाह निधी आणि उपदान दिले. त्या चळवळीतले बाबा आढाव आणि अरुणा रॉय यांच्या पुढाकाराने 2012 साली पेन्शन परिषद उभी राहिली. किमान वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन प्रत्येक वृद्धाला, अशी तिची मागणी. आपल्या शाखांनी ठराव करायचा तर याच मागणीचा करावा, कारण तीत शिक्षक-कंडक्टर-मागवाला अशी उतरंड राहत नाही.

पण ठराव करून घरी जाण्याने भागणार नाही. निवृत्ताच्या दारी रोजची कामे साचलेली असतात आणि ती कंटाळवाणी असतात. मास्तरांनी शाळेत नाव घालताना जन्मतारीख 1 जून लावलेली, कारखान्याच्या नोंदीत दुसरी, आधार कार्डावर तिसरी. एवढ्यावर दावा अडतो. 2005, 2019 आणि 2021 च्या महापुरांत ज्यांच्या घरात पाणी शिरले त्यांच्यातील कित्येकांचे सेवेचे कागद गेले. हयातीच्या दाखल्यासाठी यंत्रावर अंगठा ठेवायचा, तर तीस वर्षे सुताने आणि वंगणाने झिजलेल्या बोटाची रेषा यंत्राला सापडत नाही. एका बँकेत तीन हेलपाटे घालून परतलेले एक वृद्ध सहकारी मला म्हणाले, “अहो, मी समोर उभा आहे, तरी हा दाखला माग म्हणतोय.” चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची सोय 2021 पासून झाली, परंतु तिला मोबाइल लागतो आणि तो चालविणारा नातू लागतो. कार्यकर्त्याजवळ मोबाइल असतो. तो घेऊन गल्लीत एक सकाळ बसणे हे सभेपेक्षा कमी प्रतीचे राजकारण नाही.

मोसमी साखर कामगाराच्या बाबतीत विशेष लक्ष हवे. वर्षातून काहीच महिने काम केले तरी निवृत्तिवेतनासाठी ते पूर्ण वर्ष धरले जाते. उपदान मात्र दर हंगामास सात दिवसांच्या वेतनाने मिळते. दोन्ही नियम फार थोड्यांना माहीत असतात आणि जे ठाऊक नाही ते मागितले जात नाही.

एका सवलतीचे मोकळ्या मनाने स्वागत केले पाहिजे. ऑगस्ट 2022 मध्ये 75 वर्षांवरील नागरिकांना एस.टी.चा प्रवास मोफत झाला. 65 ते 75 वयाच्यांना निम्मे भाडे. त्यामुळे लेकीकडे जाण्यासाठी सुनेपुढे हात पसरावा लागत नाही. ही प्रतिष्ठा पैशात मोजता येत नाही. गंमत एवढीच की ज्या चालकाने ही गाडी आयुष्यभर हाकली त्याचे स्वतःचे निवृत्तिवेतन वर सांगितलेल्या सूत्रानेच ठरते.

आणि त्याची पत्नी? पतीच्या निधनानंतर तिला साधारणपणे निम्मे मिळते, म्हणजे बहुतेकींच्या वाट्याला किमान रक्कमच. तेही नावे जुळली तर. लग्नापूर्वीचे नाव रेशन कार्डावर, सासरचे आधारवर आणि कारखान्याच्या अर्जात नुसतेच ‘पत्नी’, अशी प्रकरणे गल्लोगल्ली आहेत. नवरा हयात असताना, दोघांना समोर बसवून, हे नाव दुरुस्त करून घेता येते. तो गेल्यावर त्याच दुरुस्तीसाठी तिला शिरोळ आणि कोल्हापूर यांच्यामध्ये वर्षभर येरझारा घालाव्या लागतात. नोव्हेंबरात दाखल्यांची धांदल उडण्याच्या आत, दिवाळीपूर्वीच, आपल्या शाखेने वॉर्डावार अशी जोडपी गाठावीत.